मागच्या उजव्या चाकातला आवाज

आमच्या घरात सगळे मोठ्याने बोलत. हे मला घर सोडून शिकायला गेल्यावर कळलं. वसतिगृहात पहिल्याच आठवड्यात खोलीतल्या मुलीने विचारलं, तू माझ्यावर रागावली आहेस का. मी फक्त तिचा साबण मागितला होता. तोवर मला वाटायचं, माणसं अशीच बोलतात. अम्मा चुलीपाशी बसून पडवीतल्या माणसाला भाकरी वाढू का म्हणून विचारायची ते विहिरीपलीकडच्या घरात ऐकू जायचं, आणि तिथून कधीकधी कुणीतरी गमतीने “वाढ” असं उत्तरही द्यायचं. माझी थोरली बहीण मुमताज आपा तशी हळू बोलणारी, पण अब्बा घरात आले की तिचाही आवाज वर चढायचा. रेडिओ लावला की मोहल्ल्यातल्या दहा-बारा घरांना बातम्या ऐकायला मिळत. नागाव ओलांडून रेवदंड्याकडे जाताना समुद्राच्या अंगाला आमचा मोहल्ला होता, नारळी-पोफळीच्या आत दडलेला. रात्रंदिवस झावळ्यांची सळसळ आणि त्यामागे समुद्राची गाज असायची, त्यामुळे मोठ्याने बोलणं कुणाला विशेष वाटत नसावं, असं मी पुढे विचारणाऱ्यांना सांगायचे. ते खरं कारण नव्हतं.

अब्बांनी वीस-एक वर्षं मालवाहू आगबोटींवर काढली. इंजिनखोलीत ते तेलवाला होते, म्हणजे चालत्या यंत्राच्या भोवती फिरून त्याला तेल पाजत राहणं हे त्यांचं काम. माझ्या लहानपणी अब्बा म्हणजे दीड-दोन वर्षांनी उघडणारी एक पत्र्याची पेटी होती. तिच्यात साबणाच्या वड्या, घोंगडीसारखी जाड ब्लँकेटं आणि एकदा तर एक चिनी पंखा निघाला होता, तो मुमताज आपाने वर्षभर कुणाला हात लावू दिला नाही. मी सहावीत असताना ते कायमचे घरी आले आणि त्यांनी एक जुनी व्हॅन विकत घेतली. खालून निळी, वरून पांढरी. तिचं इंजिन पुढच्या दोन सीटांच्या मधोमध एका झाकणाखाली होतं. झाकणावर अम्माने शिवलेली गोधडी टाकलेली असायची, तरी पुढे बसणाऱ्याची पोटरी भाजायची आणि पुढे बसून बोलायचं तर ओरडावंच लागायचं. मागे समोरासमोर दोन बाकं. सकाळी माशांच्या टोपल्या आणि चार-सहा माणसं घेऊन अब्बा रेवसला जात, भाऊच्या धक्क्याहून आलेल्या लाँचची माणसं घेऊन परत येत. मधल्या वेळात लग्नाची वऱ्हाडं, आजारी माणसं, एखादा कपाटाचा सांगाडा, जे असेल ते. आता त्या रस्त्याने जाताना दर शंभर पावलांवर राहण्या-जेवण्याची पाटी दिसते, आणि मुंबईची माणसं आपापल्या गाडीत काचा वर करून बसलेली असतात. त्या वेळी व्हॅन दिसली की रस्त्याकडेची माणसं तिला नावाने ओळखत. तिचं नाव ‘इब्राहिमभाईची गाडी’ एवढंच होतं.

गावात अब्बांचा मान यंत्रामुळे होता. कुणाच्या होडीचं मशीन अडलं, कुणाच्या वाडीतला पंप कुरकुरला, की माणूस आमच्या पडवीत येऊन बसायचा. अब्बा लांब दांड्याचा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन जात, त्याचं टोक मशीनवर टेकवत आणि मूठ दातांत धरत. डोळे मिटून थोडा वेळ तसेच उभे राहत. मग सांगत, अमुक भाग गेलाय. बहुतेक वेळा ते बरोबर निघायचं. दुसरे मिस्त्री मूठ कानाला लावत, अब्बा दातांत धरत. आगबोटीवर अशीच रीत असेल, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं.

आवाज मला पहिल्यांदा ऐकू आला तेव्हा मी अलिबागला अकरावी-बारावीसाठी जात होते. येताना अब्बांची फेरी जुळली तर मागच्या उजव्या बाकावर बसून घरी यायचे. कोणीतरी लांब कुठेतरी जातं ओढत बसावं तसा तो आवाज होता. गाडीचा वेग वाढला की वाढायचा, कमी झाला की उतरायचा. गंमत अशी की रस्ता डावीकडे वळला की तो मोठा व्हायचा आणि उजवीकडे वळला की जवळजवळ नाहीसा व्हायचा. आठवडाभर मी नुसती ऐकत होते. मग एकदा उतरल्यावर अब्बांच्या पाठीमागून चालताना म्हटलं, “अब्बा, मागच्या चाकात काहीतरी वाजतंय.” ते चालत राहिले. मला वाटलं, त्यांना हे ठाऊकच असणार, माझ्यासारखीने सांगणं त्यांना आवडलं नसणार. मी परत तो विषय काढला नाही.

अम्माला मात्र सांगितलं. ती जवळा निवडत बसली होती. तिचे हात थांबले. “कुठं वाजतंय?” तिने विचारलं, आणि तेही हळू आवाजात, म्हणून मला आठवतंय. मी सांगितलं. ती म्हणाली, “बरं. तू न्हको बोलू. मी बघते.” दुसऱ्या दिवशी भाकरी वाढताना ती अब्बांच्या अगदी समोर बसली आणि म्हणाली, “गाडीत कायतरी आवाज येतोय म्हणं.” अब्बा जेवून उठले, इंजिनावरचं झाकण काढून तासभर त्यात डोकं घालून बसले, पट्टा घट्ट केला, तेल बदललं. “काय न्हाय,” म्हणाले. मी खिडकीतून बघत होते. आवाज मागे आहे आणि हे पुढे शोधतायत, एवढं मला कळत होतं. अब्बांसारखा माणूस असं का करतोय, हे कळत नव्हतं. आवाज मागे आहे हे अम्माने आपणहून सांगितलं नाही, आणि ‘कुठं?’ एवढा एक प्रश्न त्यांनी तिला विचारला असता तर पुढचं काही झालं नसतं.

त्यानंतर तीन-चार आठवड्यांनी मुमताज आपाला बघायला मुंबईची माणसं यायची होती. मुलगा आखातात नोकरीला, त्याचा फोटो तेवढा आला होता. फोटो आपाने एकदाच, सगळ्यांसमोर, अगदी निर्विकारपणे बघितला होता, आणि नंतर तो अम्माच्या पेटीत दोनदा जागा बदललेला सापडला होता. येणार होती मुलाची आई आणि मामा. पहाटेपासून घरात वाटण-घाटण चाललं होतं. सांदणांसाठी तांदळाच्या रव्यात नारळाचा रस घालून ठेवला होता, मटण शिजत होतं, शेजारच्या बायका सुरमईच्या तुकड्यांना हळद-मीठ चोळत बसल्या होत्या. रेवसला अब्बांबरोबर जायला अम्माला निघता येणं शक्य नव्हतं. लांबच्या फेरीला ती एरवी बहुतेक वेळा पुढच्या सीटवर बसलेली असायची. लोक थट्टा करत, म्हातारपणी नवरा-बायकोला फिरायची हौस. त्या दिवशी तिने मला बाजूला घेतलं. “तू जा. पुढं बस, त्यांच्या बाजूला. मागून कोण हॉर्न देतंय का बघ, आणि त्यांना हाताला हात लावून सांग. तोंडानं न्हको, हात लावून.” मी का म्हणून विचारलं. “सांगते तेवढं कर,” ती म्हणाली.

जाताना सगळं ठीक झालं. आवाज होता, पूर्वीपेक्षा जास्तच होता, पण पुढच्या सीटवर इंजिनाच्या धडधडीत तो बुडून जात होता. रेवसच्या धक्क्यावर लाँच लागली. मुलाची आई खातूनखाला उंच, गोरी, डोक्यावरून रेशमी ओढणी घट्ट ओढलेली, हातात मिठाईचा डबा. मामू जाडसर, सारखे घड्याळ बघणारे. अब्बांनी सलाम केला, दोघांच्या तोंडाकडे नीट बघत त्यांची विचारपूस केली. मामू मोठे, म्हणून त्यांना पुढची सीट द्यायला लागली. मी मागे खालांच्या समोर बसले. अम्माने सांगितलेलं माझ्या लक्षात होतं, पण पाहुण्यांना पुढून उठवणार कसं.

मांडव्याचा फाटा मागे पडायच्या आतच मला कळलं, की आवाज बदललाय. आता जातं नव्हतं. आता तांब्यात खडे घालून हलवावेत तसं काहीतरी होतं, आणि त्याच्या तालावर बाकाची फळी थरथरत होती. मागे एक ट्रक लागला आणि हॉर्न वाजवायला लागला. अब्बा रस्त्याच्या मधूनच चालले होते. ट्रकवाल्याने हॉर्नवरचा हात काढलाच नाही. मामूंनी दोनदा मान वळवून मागे बघितलं, मग अब्बांकडे बघितलं. शेवटी ट्रक अगदी अंगावरून पुढे गेला तेव्हा अब्बा दचकले आणि गाडी कडेला गेली. खालांनी ओढणी सावरली आणि सभ्यपणे म्हणाल्या, “भाऊ, मागं काहीतरी घरघरतंय बघा.” अब्बांनी आरशात त्यांचे हलणारे ओठ बघितले असावेत. ते हसून म्हणाले, “व्हय, यंदा नारळ चांगला आलाय.”

खाला माझ्याकडे बघायला लागल्या. मी खाली मान घातली. त्या क्षणी माझ्या डोक्यात दातांत धरलेला स्क्रू-ड्रायव्हर, अम्माचं समोर बसून बोलणं, पाठीमागून मी बोललेलं आणि वाया गेलेलं, हे सगळं एकदम आलं, असं मी इतकी वर्षं सांगत आले आहे. खरं तर एवढं काही आलं नसावं. मला फक्त भीती वाटली. किहीमच्या फाट्याच्या पुढे एक लांब डावं वळण आहे, ते समोर दिसत होतं. जळक्या तेलाचा वास येत होता, आणि बाक आता थरथरत नव्हतं, उडत होतं. मी ओरडले, “अब्बा, थांबा.” आमच्या घरातला आवाज तो, केवढा मोठा असेल. मामू जागच्या जागी उडाले. अब्बा शांतपणे गाडी चालवत होते.

मी उठले, दोन सीटांच्या मधून वाकले आणि त्यांच्या खांद्यावर हात दाबला. मामू रागाने विचारत होते, “हे ऐकत का नाहीत?” तेव्हा मी म्हटलं, “अब्बांना ऐकू येत नाही.” मी हे मामूंकडे बघून बोलले, पण अब्बांनी मान वळवली होती आणि ते माझ्या तोंडाकडे बघत होते. त्यांना ते वाचता आलं. त्यांचा चेहरा फारसा बदलला नाही. त्यांनी ब्रेकवर पाय ठेवला, गाडी एका बाजूला ओढली गेली, मागे काहीतरी कडाडलं, आणि वळण सुरू व्हायच्या आधी आम्ही एका वाडीच्या कुंपणाला टेकून थांबलो.

चाक निघालेलं नव्हतं, पण ते बाहेरच्या बाजूला कललं होतं आणि त्याच्या मधल्या टोपणातून धूर येत होता. अब्बा उतरले, वाकले, सवयीने तिथे तळवा ठेवला आणि झटकन काढून घेतला. तळव्याला नंतर फोड आला. वाडीतून एक म्हातारी बाई आली. तिने आमच्या सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं आणि म्हणाली, “या, सावलीत बसा. गाडी काय लगेच उठायची न्हाय.” तिने घोंगडी अंथरली, पाणी आणलं, शहाळी काढायला माणूस पाठवला. खाला आणि मामू घोंगडीवर बसले. मला वाटलं होतं, अब्बा माझ्याकडे बघणार नाहीत. पण त्यांनी मला हाताने बोलावलं. पुढच्या चाकांना दगड लावायला सांगितले, जॅक धरायला सांगितला, आणि दर वेळी काही सांगून झालं की माझ्या तोंडाकडे बघत थांबले. असं ते यापूर्वी कधी उघडपणे थांबले नव्हते.

बेअरिंग बाहेर काढायला त्यांना तासभर लागला. चाक काढलं, ड्रम काढला, आगबोटीवरच्या अवजारांच्या पिशवीतून एक जाडजूड पाना काढून मधला नट सोडवला. मग छिन्नी लावून हातोडीने चारी बाजूंनी सारखे, हलके घाव घालत बेअरिंगचं कडं बाहेर आणलं. आतले रोलर उष्णतेने निळे पडले होते आणि दोन तर फुटून त्यांचा भुगा झाला होता. काळं, दाणेदार ग्रीस त्यांच्या बोटांवर होतं. ते त्यांनी अंगठ्याने चोळून बघितलं आणि स्वतःशीच मान हलवली. “महिना झाला असंल,” ते म्हणाले. मी म्हटलं, “जास्त.” त्यांनी ते वाचलं. “तू सांगितलं न्हाय.” मी म्हटलं, “सांगितलं होतं. पाठीमागून.” त्यांनी बेअरिंग वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिलं. “ह्याच्यावर नंबर कोरलेला हाय. तोच आण. सील पण माग, आणि ग्रीसचा डबा.”

अलिबागकडे जाणारा माशांचा रिकामा टेम्पो मिळाला. मी चढणार तेवढ्यात खाला उठल्या. “एकटी पोर कशी जाईल? मी येते,” म्हणाल्या. मामूंनी काहीतरी हरकत घेतली, ती त्यांनी ऐकली नाही. रेशमी ओढणी घेऊन त्या ड्रायव्हरशेजारी माझ्यासोबत दाटीवाटीने बसल्या. मागे रिकाम्या टोपल्या खडखडत होत्या आणि बोंबलांचा वास पार नाकात बसत होता. ओढणीचं टोक नाकाला लावून खाला म्हणाल्या, “जन्मापासून?”

“नाही. बोटीवर झालं असणार. इंजिनखोलीत.”

“असणार म्हणजे? तुला ठाऊक न्हाय?”

“मला आजच कळलं, खाला.”

त्यांनी माझ्याकडे नीट वळून बघितलं. मी खोटं बोलतेय की काय ते बघत होत्या. “तुझ्या अम्मांना ठाऊक असंल.”

मुलीने आईबद्दल काय सांगावं.

“माझ्या जावेचा मुलगा जन्मतः बहिरा-मुका हाय,” त्या म्हणाल्या. “दहा वर्षांचा झाला. एकाच घरात राहतो आम्ही. तुझी बहीण मला न बघताच पसंत होती, खरं सांगते. पण घरात जाऊन मी सांगितलं, मुलीच्या बापाला ऐकू येत न्हाय, तर कोण माझं ऐकणार की ते बोटीमुळं झालं? सगळे म्हणतील, एक हाय ते पुरे न्हाय का.” हे त्या रागाने बोलल्या नाहीत. दुकानात एखादी वस्तू आपल्याला घेता येणार नाही हे दुकानदाराला समजावून सांगावं तसं बोलल्या. मी म्हटलं, “डॉक्टरांना विचारता येईल.” त्या म्हणाल्या, “येईल,” आणि पुन्हा समोर बघायला लागल्या.

दुकानदाराने जुनं बेअरिंग बोटाने पुसून नंबर वाचला, शिडीवर चढून एक खोका काढला. माझ्याकडे नि खालांकडे बघून विचारलं, “बसवणार कोण?” मी म्हटलं, “माझे वडील.” नवं बेअरिंग तेलकट कागदात होतं, हातात घेतलं तर आपोआप फिरायचं, काही आवाज न करता. परत जाताना ते मी मांडीवर धरून बसले. खालांनी वाटेत माझ्या शिक्षणाची चौकशी केली, मला काय व्हायचंय ते विचारलं. मी शिक्षिका म्हटल्यावर “अच्छा हाय” म्हणाल्या.

अब्बांनी बेअरिंगमध्ये तळव्याने ग्रीस भरलं, भाजलेल्या जागेवर ग्रीस लागल्यावर एकदा तोंड वाकडं केलं. सगळं बसवून झाल्यावर चाक हवेतच असताना त्यांनी ते हाताने फिरवलं आणि दुसरा हात पाट्याच्या स्प्रिंगवर ठेवून उभे राहिले. चाक फिरत होतं, ते बघत नव्हते, हातातून काहीतरी येतंय का ते जोखत होते. मग मला म्हणाले, “तू ऐक.” मी कान लावला. “काही नाही,” मी त्यांच्याकडे तोंड करून म्हटलं. त्यांनी जॅक उतरवला. मामू कुणी न सांगता मागच्या बाकावर जाऊन बसले. मी पुढे बसले, एक हात त्यांच्या दंडावर ठेवून. घरापर्यंतच्या रस्त्यात मी चार वेळा तो दाबला, चारही वेळा त्यांनी गाडी कडेला घेतली.

घरी पोहोचलो तेव्हा जेवणाची वेळ केव्हाच टळली होती. पाहुणे वाट्टेल तसे वागले नाहीत. ते नीट जेवले, सांदणांची तारीफ केली, आपाला जवळ बसवून चार प्रश्न विचारले. आपाने त्या दिवशी गुलाबी कपडे घातले होते. खालांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, तो थोडा जास्त वेळ. जेवणं चालू असतानाच मी स्वयंपाकघरात गेले तेव्हा अम्मा तवा पुसत होती. तिने माझ्याकडे न बघता विचारलं, “तू सांगितलंस?”

“हो.”

“सगळ्यांसमोर?”

“हो. गाडी थांबत नव्हती.”

तवा चुलीवर ठेवून ती म्हणाली, “परत आले त्याच्या दुसऱ्या वर्षीच मला कळलं. त्यांच्या पाठीमागं माझ्या हातातून तांब्याची कळशी पडली, दगडावर. शेजारणी धावत आल्या. हे वळले पण न्हाईत. मी कुणाला बोलले न्हाय. दोन पोरी घरात. लोक बेटीच्या आधी बाप बघतात.” मग तिने पिठाची परात माझ्याकडे सरकवली. “मामूंना अजून भाकरी लागंल. थाप.” तिने मला त्या दिवशी किंवा नंतर कधी बोल लावला नाही. लावला असता तर मला सोपं गेलं असतं, असं मला आता वाटतं.

पंधरा दिवसांनी मध्यस्थाकडून निरोप आला, मुलगा इतक्यात लग्न करायचं म्हणत नाही. त्याच सालात त्याचं लग्न झाल्याचंही कळलं. मुमताज आपा माझ्याशी दोन महिने बोलली नाही. बोलली तेव्हा एकच वाक्य म्हणाली, “तुला अलिबागच्या गॅरेजपर्यंत गप्प बसता आलं नसतं?” मी त्यावर पुष्कळ विचार केला आहे. चाक अलिबागपर्यंत टिकलं नसतं. निदान अब्बा तसं म्हणाले. पण ते तसं म्हणणारच होते. कदाचित टिकलंही असतं. जुनी बेअरिंगं कधीकधी असल्या आवाजात महिनेच्या महिने काढतात, हे मी नंतर ऐकलं आहे. आपाला मी हे कधी सांगितलं नाही.

अब्बांनी त्या दिवसानंतर गाडीत उतारू घेतले नाहीत. लोकांना कारण विचारायची गरज राहिली नव्हती, बातमी आमच्या आधी मोहल्ल्यात पोहोचली होती. पुढच्या वर्षी त्यांनी गाडी नात्यातल्या एकाला चालवायला दिली आणि स्वतः फणसाखाली एक पत्र्याची शेड टाकून तिथे होड्यांची मशीनं आणि पंप दुरुस्त करायला बसले. काम कमी झालं नाही, उलट वाढलं. कोणी आलं की ते सरळ म्हणत, “समोर उभा रा आणि बोल, मला ऐकू येत न्हाय.” लोक अवघडत, मग समोर उभे राहत. मी सुट्टीत घरी गेले की शेडमध्ये त्यांच्या समोर पालथ्या डब्यावर बसायची. एकदा ते एक पंप खोलत असताना, मी काही विचारलेलं नसताना, म्हणाले, “ते सगळ्यात वाईट होतं. चार माणसं बसली की कुणीतरी कायतरी बोलायचा, सगळे हसायचे. मग मी पण हसायचो. कशाला हसतात ते कळायचं न्हाय. घरी येईपर्यंत मी पार थकून जायचो.” एवढं बोलून त्यांनी हात पुढे केला आणि मी त्यात पाना ठेवला.

दोन वर्षांनी मुमताज आपाचं लग्न मुरूडकडच्या एका शिक्षकाशी ठरलं. त्या घरच्यांना अब्बांचं सगळं आधीच सांगितलं होतं. मुलाचे वडील म्हणाले होते, “चला, एक व्याही तरी भांडणार न्हाय.” निकाह आमच्या अंगणात होता, मांडव घातला होता, आम्ही बायका दाराच्या पडद्यामागे उभ्या होतो. काजीसाहेबांनी नवऱ्या मुलाचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, गावाचं नाव असं खणखणीत आवाजात उच्चारलं आणि पुढचं काही विचारायच्या आतच तो बिचारा घाबरलेला मुलगा, रोज वर्गात हजेरी घेणारा, मोठ्याने म्हणाला, “हजर.”

सबंध मांडव हसला. काजीसाहेब हसले, नवऱ्या मुलाने सेहऱ्याआड तोंड लपवलं, पडद्यामागच्या बायकांनी एकमेकींना धरलं. अब्बा पुढच्या रांगेत बसले होते. त्यांनी आजूबाजूच्या हलणाऱ्या खांद्यांकडे बघितलं, पण ते हसले नाहीत. त्यांनी मान वळवून पडद्याकडे बघितलं आणि हाताने मला बोलावलं. मागून कुणीतरी माझी ओढणी धरली, पुरुषांत कुठं जातेस म्हणून. मी ती सोडवून घेतली, बसलेल्या माणसांमधून वाट काढत गेले आणि त्यांच्या समोर गुडघ्यांवर बसून, तोंड त्यांच्याकडे करून, काय झालं ते हळूहळू सांगितलं. तोवर सगळे शांत झाले होते. काजीसाहेबांनी घसा खाकरून पुन्हा सुरुवात केली होती. अब्बांनी माझे ओठ शेवटपर्यंत वाचले, क्षणभर नवऱ्या मुलाकडे बघितलं आणि मग ते हसायला लागले, पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, एकटेच. काजीसाहेब थांबले, आणि त्यांचं हसून होईपर्यंत सगळा मांडव गप्प बसून राहिला.